पत्ता नसलेला हत्ती

फॉर्म भरायला आपल्यापैकी कुणाला आवडतं, सांगा बरं? नाव, पत्ता इथवर हात सुरळीत चालतो. पुढं चौकटी सुरू होतात, त्यांतले शब्द कळेनासे होतात आणि मग आपण सगळेच सारखे वागतो. आधी चिडतो, मग शेजारच्याला विचारतो, आणि शेवटी ज्या चौकटीत खूण केली की पुढचे प्रश्न टळतात, त्या चौकटीत खूण करून मोकळे होतो. त्यात आपल्याला काही वाईट केल्यासारखंही वाटत नाही. हत्तीकाकूंनाही वाटलं नव्हतं.

हत्तीकाकूंचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. अंगानं त्या काडीसारख्या; पण घरी बसून कापडाचे लहान हत्ती शिवायच्या, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं आणि त्यांनीही ते हसून घेतलं. हत्ती वीतभर उंचीचा, पोटात कापूस, सोंड वर उचललेली, दोन्ही कान एका रंगाचे आणि अंग दुसऱ्याच रंगाचं. डोळे मात्र शर्टाच्या काळ्या बटणांचे. हे डोळे लावणं ही काकूंची खासियत होती. दोन्ही डोळे त्या एकाच दोऱ्यानं लावायच्या. सुई एका बटणातून डोक्यात, डोक्यातून पलीकडच्या बटणात, तिथून परत अलीकडं, आणि शेवटी दोरा किंचित ओढून गाठ. त्यानं दोन्ही डोळे सारखे आत दबायचे आणि हत्ती खरोखरच आपल्याकडं बघतोय असं वाटायचं. "दुकानातल्या हत्तींना डोळे असतात," काकू म्हणायच्या, "आमचा हत्ती बघतो."

ही शिवण सासूबाईंची. सासूबाईंनी आयुष्यभर शर्ट शिवले. त्या जाऊन तीन वर्षं झाली, तरी खिडकीपाशी त्यांचं मशीन तसंच होतं आणि मशीनखाली त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात सुया, खडू, बटणं, दोऱ्याची रिळं.

काकूंच्या लेकीनं कॉलेजात असताना हत्तींचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले आणि बघता बघता परदेशातून मागणी येऊ लागली. पहिलं पार्सल पाठवायच्या दिवशी मायलेकी फॉर्म घेऊन बसल्या. पाठवायची वस्तू काय? खेळणं, की शोभेची वस्तू? खेळणं म्हटलं की पुढं प्रश्नांची माळच होती. वस्तूची तपासणी झाली आहे का? किती वयाच्या मुलासाठी? आत काय भरलं आहे? बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, बनवल्याचा महिना, गट क्रमांक वस्तूवरच कायमचा शिवला आहे का?

"आई, हे कारखानेवाल्यांसाठी आहे गं," लेक म्हणाली. "आपण शोभेची वस्तू लिहू. सगळे तसंच करतात."

तसंच केलं. खोक्यावर एक छापील कागद चिकटवला: 'ही शोभेची वस्तू आहे, खेळणे नाही.' आणि खोक्याच्या आत, हत्तीच्या गळ्याशी, लेकीनं सुंदर अक्षरात लिहिलेलं कार्ड: 'तुमच्या बाळाच्या पहिल्या मित्राला, प्रेमाने.' दोन्ही एकाच खोक्यात. दोन वर्षं खोकी जात राहिली आणि कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

मग एका दुपारी पोस्टमननं एक जाड पाकीट आणून दिलं.

पाकीट परदेशातून आलेलं. आत एक पत्र, एक फोटो आणि एक पारदर्शक पिशवी. पिशवीत काळं बटण. चार भोकांचं, आणि दोन भोकांत अजून दोऱ्याचा तुकडा अडकलेला. फोटोत काकूंचाच हत्ती होता. एक डोळा नव्हता. दुसरा लोंबत गालापर्यंत आला होता.

लेकीनं पत्र वाचून त्याचा अर्थ सांगितला. बाईंनी लिहिलं होतं:

'हे बटण माझ्या अकरा महिन्यांच्या मुलीच्या घशातून निघालं. माझी आई शेजारी होती. तिनं मुलीला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. मुलगी आता बरी आहे. तुम्हाला कळवायला मला चार महिने लागले. हत्ती आम्हाला कुणीतरी भेट दिलेला. खोकं त्याच दिवशी फेकून दिलं होतं आणि हत्तीवर कुणाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. देणाऱ्यांना दुकान आठवेना. परवा असाच हत्ती एका फोटोत दिसला, तेव्हा तुमचा पत्ता लागला. मला पैसे नकोत. मला एवढंच विचारायचं आहे, बाकीच्या हत्तींचं काय?'

लेकीनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "मुलगी बरी आहे आई. वाईट काही झालं नाही."

काकूंनी पिशवीतून बटण काढून तळहातावर घेतलं. त्या बटणाकडं बघतच नव्हत्या. त्या दोऱ्याकडं बघत होत्या. दोरा काळा होता, पण उजेडात तांबूस दिसत होता. असा दोरा त्यांनी एकदाच वापरला होता.

गेल्या वर्षी सुट्ट्यांच्या आधी मागणी तुंबली होती. काळा दोरा ऐन घाईत संपला, दुकानं दोन दिवस बंद. काकूंनी सासूबाईंचा डबा उघडला. तळाशी काळ्या दोऱ्याचं जाडजूड रीळ होतं. ते हातात घेताना त्यांना भरून आलं होतं. सासूबाईंचा हात लागलेला दोरा हत्तींना लागतोय, याचंच त्यांना कौतुक वाटलं. रीळ संपेपर्यंत त्या शिवत राहिल्या. दोरा किती वर्षं त्या डब्यात पडून होता, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. आणि आता त्या रिळाचे हत्ती कोणते आणि नव्या दोऱ्याचे कोणते, हे सांगायला त्यांच्याकडं कागदाचा एक चिटोराही नव्हता.

त्या दिवसापासून काकूंच्या घशाशी काहीतरी अडकून राहिलं. घास गिळताना त्या थांबायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा थांबायच्या. बटण त्यांनी फळीवरच्या स्टीलच्या वाटीत ठेवलं होतं. फेकवेना आणि समोरही बघवेना. दार जोरात लागलं की फळी हादरायची आणि वाटीत बटण वाजायचं. एवढासा आवाज. पण स्वयंपाकघरातून काकू हातातलं टाकून बाहेर यायच्या.

बाजाराच्या वाटेवर एक बाई बाळाला कडेवर घेऊन उभी होती. बाळ आपल्या अंगरख्याची नाडी चोखत होतं. काकू त्याच्या तोंडाकडं इतका वेळ बघत राहिल्या, की त्या बाईनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेऊन पाठ फिरवली. काकूंना लाज वाटली, पण पाय हलेनात. ती नाडी बाळाच्या तोंडातून बाहेर येईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.

घरी फळीवर गेल्या वर्षीचे तीन हत्ती शिल्लक होते. त्यांची नजर काकूंनीच इतक्या मेहनतीनं बसवली होती. आता ती सहन होईना. एका सकाळी त्यांनी तिघांनाही भिंतीकडं तोंड करून ठेवलं. मग त्या पाठमोऱ्या हत्तींकडं बघवेना, म्हणून पुन्हा फिरवले.

सगळ्यात वाईट दुपार. लेक कामावर, काकूंचे यजमान कामावर, घर सुनं. काकू खिडकीपाशी सासूबाईंच्या मशीनवर बसायच्या आणि बसल्या बसल्या त्यांना आठवायचं, की सासूबाई बटण लावून झालं की दोरा दातानं तोडायच्या आणि मग बटण चिमटीत धरून तीनदा ओढायच्या. एक, दोन, तीन. शर्ट घरातल्याचा असो की गिऱ्हाइकाचा. काकूंनाही त्यांनी तसंच शिकवलं होतं. सुरुवातीला काकू ओढायच्या. मग मागणी वाढली, दिवसाला आठ-आठ हत्ती निघू लागले आणि तीनदाचं एकदा झालं, एकदाचं कधीमधी झालं, आणि पुढं कधी सुटलं ते त्यांना आठवतही नव्हतं. सुन्या घरात आता त्यांना सासूबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. रागाचा नाही. रोज विचारायच्या तसाच, सहज.

"ओढलंस का गं?"



आठवडा असा गेला. मग सात नवी पार्सलं पाठवायचा दिवस आला. पार्सल ऑफिसात नेहमी लेक जायची. त्या दिवशी तिला जमेना, म्हणून काकू पिशवी घेऊन गेल्या. वाटीतलं बटण त्यांनी रुमालाच्या गाठीत बांधून बरोबर घेतलं होतं. का घेतलं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

काउंटरवर शिक्काबाई होत्या. निवृत्तीला आलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि शिक्का असा मारायच्या, की रांगेतलं शेवटचं माणूस दचकावं. काकूंनी फॉर्म पुढं ओढला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग ती चौकट आली. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

"काय अडलं ताई?" शिक्काबाईंनी विचारलं.

"मॅडम, हा हत्ती..." काकूंनी पेन खाली ठेवलं. "हे खेळणं आहे, की शोभेची वस्तू?"

शिक्काबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हत्तीवाल्या तुम्हीच होय? दोन वर्षं तुमची लेक मला सांगतेय, शोभेची वस्तू म्हणून. आज मला विचारता होय?"

काकूंनी रुमालाची गाठ सोडली आणि बटण काउंटरवर ठेवलं. मागं रांगेत कुणी नव्हतं, ते एक बरं झालं. त्यांनी सगळं सांगितलं. पत्र, चार महिने, डब्यातला दोरा. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही बाई ओरडेल. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

शिक्काबाईंनी एक कोरा फॉर्म घेतला आणि त्याची गुंडाळी केली, साधारण दोन बोटं जातील एवढी जाड. गुंडाळी काउंटरवर उभी धरली.

"खेळणी तपासतात ना, तिथं अशी एक नळी असते," त्या म्हणाल्या. "लहान मुलाच्या घशाचा अंदाज घेऊन केलेली. खेळण्याचा सुटा भाग त्या नळीत पूर्ण मावला, की ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायचं नाही. टाका बघू तुमचं बटण."

काकूंनी बटण टाकलं. ते कुठंही न अडता खाली गेलं आणि लाकडावर वाजलं. तोच आवाज, वाटीतला. ज्या कागदाला दोन वर्षं त्या कटकट म्हणत आल्या होत्या, त्याच कागदाच्या नळीतून तो आला होता.

"पण मॅडम, हे नियम कारखान्यांसाठी ना?" काकूंना स्वतःचाच आवाज केविलवाणा वाटला. "आम्ही हातानं करतो. जीव ओतून करतो हो."

"त्यात मला शंका नाही. पण बाळाला कुठं कळतं, हातानं केलेलं कुठलं आणि यंत्रानं केलेलं कुठलं? ते आधी तोंडात घालतं, बाकी सगळं नंतर शिकतं." शिक्काबाईंनी गुंडाळी सोडली, कागद हळूहळू उलगडला. "आणि खोक्यावर 'खेळणे नाही' लिहिलंत. ते कुणी वाचावं म्हणून लिहिलंत? बाळानं?"

काकूंनी बटण उचलून पुन्हा रुमालात बांधलं.

"हे बघा. इथं गल्लीत विकला असतात, तर त्या पोरीची आजी तासाभरात तुमच्या दारात उभी राहिली असती. भांडली असती, चार शब्द ऐकवले असते. आणि तुम्ही त्याच संध्याकाळी बाकीच्या घरांत धावत गेला असतात. खरं की नाही? समुद्रापलीकडची आई कशी येणार तुमच्या दारात? तिच्यासाठी ती पट्टी म्हणजेच तुमचं दार. नाव, पत्ता, कधी शिवला, कितव्या गटातला. आणि ती पट्टी हत्तीच्या अंगावरच शिवायची असते ती याचसाठी. खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं."

"गट क्रमांकाचं काय करतात पण? मला तेच कधी कळलं नाही."

"एका दोऱ्याचे, एका कापसाचे जेवढे हत्ती, त्यांचा एक गट. तुमच्याकडं तो आकडा असता, तर आज किती घरांना कळवायचं ते तुम्हाला ठाऊक असतं. नाही, म्हणून आता सगळ्याच घरांचा घोर लागलाय तुमच्या जिवाला." शिक्काबाई चष्मा काढून पदरानं पुसू लागल्या आणि पुसतच राहिल्या. "मी तरी कुठली शहाणी आहे म्हणा. तपासायला खोकी उघडायचे तेव्हा ते कार्ड मला दिसायचं. बाळाच्या पहिल्या मित्राला. आणि झाकणावर, खेळणे नाही. दर वेळी मनात यायचं, विचारावं. मागं रांग असायची. शिक्का मारायचे आणि मोकळी व्हायचे. त्या पोरीच्या घशात जे अडकलं ना ताई, त्यावर माझाही शिक्का आहे."

काकूंनी सातही खोकी पिशवीत परत भरली. त्या दिवशी काउंटरवर शिक्का वाजला नाही.

घरी येऊन त्यांनी चप्पलही काढली नाही. सरळ फळीपाशी गेल्या आणि पहिला हत्ती उचलला. त्याचा डोळा चिमटीत धरला. तपासणीत डोळ्याला नऊ-दहा किलोचं वजन टांगून बघतात, असं शिक्काबाईंनी निघताना सांगितलं होतं. वजन कसलं आणि काय! एकदा ओढला आणि डोळा हातात आला. दुसऱ्याचा दोरा सैल पडला आणि तोही लोंबत गालापर्यंत आला. एक तुटला की दोन्ही सुटणार, अशीच ती शिवण होती. नजर सारखी बसावी म्हणून दोन्ही डोळे एकाच दोऱ्याला बांधले होते, आणि तो दोरा आतून सडलेला होता.

दुसरा हत्ती. त्याचा डोळा निघाला नाही. तो नव्या दोऱ्याचा असणार. तिसरा. तो निघाला.

लेक संध्याकाळी कामावरून आली तेव्हा काकू जमिनीवर बसल्या होत्या आणि समोर तीन हत्ती होते, दोन आंधळे आणि एक बघणारा.

"रीळ उघडल्यापासून आपण किती हत्ती पाठवले?" काकूंनी विचारलं.

लेकीनं मोबाइलमध्ये बघितलं. "एकशे शहाऐंशी. का?"

"त्या सगळ्यांना कळवायचं."

"सगळ्यांना?" लेकीनं मोबाइल खाली ठेवला. "आई, त्यातले निम्मे तरी चांगले असतील. आपण आपल्याच तोंडानं सांगायचं, की आमची वस्तू धोक्याची आहे? शिवाय खोक्यावर आपण खोटं लिहिलंय. उद्या आपल्याकडून कोण काय घेईल?"

"कुणी घेणार नाही कदाचित."

"मग?"

"मग मी तुझ्या आजीसारखी शर्टांना बटणं लावीन." काकूंनी आंधळ्या हत्तीचं डोकं कुरवाळलं. "निम्मे चांगले असतील, मान्य. पण कुठले निम्मे, ते तू सांग मला. कुठल्या घरच्या आईला कळवू नको, तिचं नाव सांग."

लेकीनं मोबाइल उचलून यादी पुन्हा उघडली. एकशे शहाऐंशी नावं होती. नावं वाचता वाचता तिचे डोळे भरले, कारण कितीतरी जणांनी मागणीबरोबर निरोप लिहिले होते. भाच्याचा पहिला वाढदिवस. नातीच्या पाळण्यासाठी. येणाऱ्या बाळासाठी. ते सगळे निरोप तिनंच वाचले होते आणि तिनंच चौकटीत शोभेची वस्तू लिहिलं होतं.

"काय लिहू?" तिनं नाक पुसत विचारलं.

"लिही. आमचा हत्ती आजच मुलापासून लांब ठेवा. त्याचे डोळे निघू शकतात आणि घशात अडकू शकतात. दोन्ही डोळे कापून काढा. खेळणे नाही असं आम्ही लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. आम्ही तो मुलांसाठीच केला होता. चूक आमची आहे. आणि खाली माझं नाव लिही, खरं. नि पत्ता."

पुढचे दिवस उत्तरांचे होते. काही लोक चिडले, आणि त्यांनी चिडावं असंच ते होतं. काहींनी आभार मानले. एकीनं लिहिलं, की हत्तीचा एक डोळा आधीच गायब होता आणि पत्र आल्यावर पलंग सरकवला तेव्हा तो भिंतीच्या कडेला सापडला. तिचा मुलगा त्याच पलंगाखाली रांगायला शिकला. हे वाचून काकूंनी वही मिटली आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. नवी मागणी बंद झाली. गल्लीत चर्चा झाली. कुणी म्हणालं, काकू भोळ्या आहेत, उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकेक उत्तर येईल तशी त्या वहीत नावापुढं खूण करत होत्या. ज्यांचं उत्तर येईना, त्यांना लेक पुन्हा लिहायची, मग फोन करायची. खुणा वाढत गेल्या तसा काकूंच्या घशातला आवंढा थोडा थोडा सैल होऊ लागला. एकशे चाळीस. एकशे सत्तर. एकशे पंच्याऐंशी.

आणि एकशे शहाऐंशीवा.

त्या बाईंचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. त्या घर बदलून दुसऱ्या शहरात गेल्या होत्या. हत्ती निळ्या कानांचा होता, त्यांनी लिहिलं. छान होता. पण मुलगा मोठा झाला, म्हणून जुन्या कपड्यांबरोबर तो त्यांनी रस्त्यावरच्या दानपेटीत टाकला. तिथून तो कुणाकडं गेला, ते कळायला काही मार्ग नाही, माफ करा.

हत्ती आता कुणाच्या घरी आहे, ते त्या बाईंना माहीत नव्हतं, काकूंना माहीत नव्हतं. आणि ज्यांच्या घरी आहे, त्यांना तो कुणाचा, हे कळायची सोय नव्हती. चार बोटं कापडाची पट्टी त्याच्या पायाला शिवलेली असती, तर ती सोय झाली असती.

वाचकहो, या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. काकूंचे हत्ती पुन्हा परदेशी जातात, पूर्वीपेक्षा थोडे, रीतसर तपासून घेतलेले. त्यांना बटणं नाहीत. डोळे कापडावरच भरतकामानं काढलेले आहेत आणि नजर तेवढी चांगली येत नाही, हे काकू स्वतःच कबूल करतात. प्रत्येकाच्या मागच्या पायाला एक पट्टी शिवलेली असते. तिच्यावर काकूंचं खरं नाव आहे, घराचा पत्ता आहे, महिना आहे, गट आहे. पट्टी लावून झाली की काकू ती चिमटीत धरून तीनदा ओढतात. सासूबाईंचा डबा मशीनखालीच आहे, फक्त त्यातला दोरा आता कुणी वापरत नाही. पार्सल ऑफिसात फॉर्मवर काकू 'खेळणे' या चौकटीत खूण करतात आणि पुढचे सगळे प्रश्न भरतात. शिक्काबाई निवृत्त झाल्या. जाण्याआधी काकूंच्या पहिल्या नव्या खोक्यावर त्यांनी शिक्का मारला, तो कधी नव्हे इतका हलक्या हातानं.

त्या पोरीच्या आईला काकूंनी पत्राचं उत्तर पाठवलं. 'बाकीच्या हत्तींचं काय, असं तुम्ही विचारलं होतं,' असं लिहून लेकीनं पेन थांबवलं आणि आईकडं बघितलं. सगळे सापडले असं लिहिलं, तर त्या माउलीचा जीव निवेल, असं दोघींच्याही मनात आलं. पण काकूंनी मान हलवली. एकदा खोटं लिहून झालं होतं. 'एकशे पंच्याऐंशी सापडले,' त्यांनी सांगितलं, 'एक अजून सापडायचा आहे, निळ्या कानांचा.' त्या आईचं उलट टपाली उत्तर आलं, की मीही इकडं शोधते. तेव्हापासून जगाच्या दोन टोकांच्या या दोन बायका, ज्यांची कधी भेट झाली नाही आणि होणारही नाही, जुन्या खेळण्यांच्या प्रत्येक ढिगात निळे कान शोधत असतात.

हातानं केलेली वस्तू विकणारे आपण खूप जण आहोत. कुणी बाळाची टोपी विणतं, कुणी खुळखुळा कोरतं, कुणी दुपटं शिवतं. आपल्या हातून कधी चूक होणारच नाही, असं छातीठोकपणे आपल्यातलं कुणी म्हणू शकेल का? मग त्या चुकीला निदान आपल्या घरचा पत्ता तरी ठाऊक असू द्या. वस्तूवरची ती पट्टी साहेबासाठी नसते. एखादी घाबरलेली आई कधी आपलं दार शोधत निघाली, तर ते तिला चार महिन्यांनी नाही, चार तासांत सापडावं, म्हणून ती असते. पुढच्या वेळी फॉर्मवर ती चौकट आली आणि सोप्या चौकटीकडं हात वळला, तर क्षणभर थांबा आणि आपली वस्तू शेवटी कुणाच्या तोंडात जाणार आहे, एवढं आठवा.

काकूंच्या वहीत एकशे शहाऐंशीव्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. रोज सकाळी पोस्टमन गल्लीत शिरला की काकू हातातलं काम ठेवून दारात येतात. तो लांबूनच मान हलवतो. मग काकू आत जातात, आणि फळीवरच्या वाटीतलं बटण वाजू नये म्हणून दार अगदी हळू लावून घेतात.